पंख्यातलं कुंकू

आवाज बंद पडला तेव्हा बसवेशला आधी बरंच वाटलं. तापलेल्या कपाळावर कुणीतरी हात ठेवावा तसं. गेली दोन वर्षं तो काचेच्या त्या थंडगार खोलीत बसत होता आणि सर्व्हरच्या पंख्यांची घरघर त्याच्या कानांत इतकी मुरली होती, की घरी जेवताना आईच्या बोलण्यामागेसुद्धा ती चालूच असायची. आता ती निम्मी झाली. घरघर निम्मी होते म्हणजे काय होतं हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं. त्याने मान वळवली. लोखंडी मांडणीच्या वरच्या कप्प्यातल्या सर्व्हरचे हिरवे दिवे विझले होते. खालच्या कप्प्यातला, जो एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसल्यासारखा गुमान बसायचा, त्याचे पंखे एकदम चढ्या सुरात फिरायला लागले होते. शिपाई बिभीषणने या दोघांना आले त्याच दिवशी नावं देऊन टाकली होती. वरचा थोरला, खालचा धाकटा. थोरला पडला होता आणि धाकट्याने सगळं अंगावर घेतलं होतं.

वैजप्रभा नागरी पतसंस्थेचा अख्खा संसार थोरल्याच्या पोटात होता. परळीचं मुख्य कार्यालय, माजलगावची शाखा, पाटोद्याची शाखा, सगळ्यांच्या ठेवी, कर्जं, आवर्त खाती. थोरल्याच्या पोटात पाच आभासी यंत्रं चालायची. आभासी म्हणजे लोखंडाची नव्हेत, तर आपण स्वतंत्र यंत्र आहोत असं ज्यांना वाटतं अशी. प्रत्येकाला आपलं नाव, आपला पत्ता, आपलं काम. आपण मुळात दुसऱ्याच्या पोटात राहतो याची त्यांना कल्पना नसते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या बसवेशला ही रचना समजावून घ्यायला पुण्यात फारसं शिकावं लागलं नव्हतं. थोरला आणि धाकटा एकमेकांना क्षणाक्षणाला फक्त एक गोष्ट कळवायचे: आहे. आहे. आहे. बाकी कसं चाललंय, काय चाललंय, काही नाही. ठरावीक वेळा 'आहे' आलं नाही, की दुसऱ्याने समजायचं, गेला. मग वाट बघायची नाही, कुणाला विचारायचं नाही. दोघांची मिळून एक सामायिक पेटी होती, तिच्यात पाचही यंत्रांचं लिहून ठेवलेलं सगळं जपलेलं असायचं. त्या पेटीतून एकेकाला उठवून आपल्या पोटात नव्याने सुरू करायचं. नाव तेच, पत्ता तोच. उठवण्याचा क्रमसुद्धा ठरलेला: आधी ठेवी, मग कर्जं, शेवटी संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्त, ज्याच्यावाचून कुणाचं अडत नसे.

हे सगळं त्याने पतसंस्थेचे चेअरमन गुंडप्पा यांना एकदा समजावून सांगितलं होतं. गुंडप्पा त्याचे सख्खे काका. पंच्याण्णवच्या सुमारास, देशात उदारीकरण आलंय असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं आणि आपलं मोंढ्यातलं दुकान मुलांकडे देऊन पतसंस्था काढली. ते धाकट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले होते.

"आन् ह्यो कावून बसवलाय? दिवा तर एकच लुकलुकतोय."

"तो राखीव आहे काका. वरचा पडला तर त्याचं सगळं यानं उचलायचं."

"तवर द्या की त्याला कायतरी. फुकट बसून लाईट खातंय."

"काम दिलं तर ऐनवेळी जागा राहणार नाही. म्हणून रिकामा ठेवायचा."

काकांनी धाकट्याच्या झाकणावर बोटाने टकटक केलं. मग खूश होऊन म्हणाले, "म्हंजी वाट बघायची हीच नोकरी. बेस हाय की बे!" आणि त्यांनी बसवेशच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेत त्यांच्या मनात काहीच नव्हतं. बसवेश मात्र ती थाप त्या दिवसापासून पाठीवर वागवत होता.

कारण घरात हेच त्याच्याबाबत झालं होतं, फक्त कुणी कधी असं मांडून सांगितलं नव्हतं. थोरला भाऊ योगीराज वडिलांच्या दुकानात बसला, लोखंड, सिमेंट, पत्रे. त्याचं लग्न झालं, कावेरी घरात आली. बसवेशची स्थळं येत, बघून होत, आणि मग आई उमाबाई म्हणायची, "जरा दम धरा, थोरल्याचं बस्तान बसू द्या." बस्तान बसलं. मग वडील आजारी पडले, तेव्हा "घरात एक तरी माणूस मोकळं पायजे." वडील गेले, मोकळा माणूस मोकळाच राहिला. तो पुण्याला गेला, तेव्हाही कुणी फार अडवलं नाही. जाऊ दे, बोलावलं की येतोच. आणि बोलावलं तेव्हा तो आला. दुकानात भर दुपारी, पत्र्याचा तुकडा मोजता मोजता योगीराज खाली बसला आणि उठला नाही. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्याला बसवूनच नेलं, खुर्चीत, कपाळभर भस्म, तळहातात इष्टलिंग. पाऊल पुढे टाकताना बसवेशला सारखी त्याची मान दिसत होती, जरा डावीकडे कललेली, गिऱ्हाइकाचं ऐकून घेताना कलायची तशी. महिन्याभरात बसवेश दुकानाच्या गादीवर त्याच तक्क्याला टेकून बसला होता, आणि एका सिमेंटवाल्याने दारातून आत येता येता म्हटलं होतं, "रामराम योगीराजशेठ." मग जीभ चावली. बसवेश म्हणाला होता, "चालतंय." ते चालत राहिलं. दिवसा पतसंस्था, कारण काकांना आपला माणूस हवा होता. सकाळ-संध्याकाळ गादी, कारण गादी रिकामी ठेवत नाहीत.

काचेपलीकडे काउंटरवर पडदे गोठले होते. "हँग झालं, हँग झालं," असं कुणीतरी नेहमीच्या समाधानाने म्हटलं आणि दोघं चहाला उठले. चहा यायच्या आत पडदे परत आले. प्रत्येकाने पुन्हा आपलं नाव आणि परवलीची खूण भरली नि कामाला लागला. माजलगावहून फोन आला, तो पावतीपुस्तकं संपल्याचा होता. पाटोद्याला तर काही झाल्याचं ठाऊकच नव्हतं. बसवेश खुर्चीत ताठ बसून राहिला. कुणीतरी येऊन विचारेल असं त्याला वाटत होतं. काय झालं, कसं झालं, कोण पडलं. यंत्रणेचं सगळं यशच हे होतं की कुणी विचारू नये, हे त्याला माहीत होतं, आणि तरीही त्याला दुखावल्यासारखं झालं. योगीराज गेला तेव्हासुद्धा दुकान तीनच दिवस बंद होतं.

दार ढकलून आली ती फक्त प्रणिता. आवर्त ठेवीच्या काउंटरवरची, बोलायला फटकळ.

"सर, मी एका बाईचं नवं खातं भरत होते. नाव, गाव, वारस, सगळं लिहून झालतं. ते गेलं कुठं?"

"सेव्ह केलं होतं का?"

"करणारच होते की. बाई वारसाचं नाव सांगंना, लाजत बसली. तेवढ्यात थांबलं."

"मग गेलं."

"म्हंजी कुठं गेलं?"

"कुठंच नाही. पेटीत लिहिलेलं असतं तेवढंच परत येतं. डोक्यातलं येत नाही."

"अवघड हाय तुमचं," प्रणिता म्हणाली. "आता त्या बाईला परत लाजायला लावू का?" आणि निघून गेली.

डोक्यातलं येत नाही. हे त्याने शेकडो लोकांना सांगितलं असेल, पुण्यात तर पगार घेऊन सांगायचा. नव्याने उठलेल्या यंत्राला आपण मधे मेलो होतो हे कळत नाही. शेवटचं लिहिलेलं वाचतं आणि तिथून पुढे चालू लागतं. पण मधला तो तुकडा, हातात घेतलेला, अजून कुठे न ठेवलेला, तो सगळ्या जगातून जातो. योगीराजने त्या दिवशी सकाळी त्याला पुण्याला फोन केला होता. "बसू, तुला एक इचारायचं हुतं." मागे पत्रे खडखडत होते. "थांब, गिऱ्हाईक आलंय. करतो मागनं." एवढंच. ते बहुधा काहीच नसणार. मोबाइल कुठला घ्यावा, असलं काहीतरी. पण दोन वर्षं बसवेश त्याच्या गादीवर बसून, त्याच्या चष्म्याच्या डबीशेजारी आपला चष्मा ठेवून, त्याच्याच गिऱ्हाइकांना भाव सांगत होता, आणि त्या प्रश्नाच्या जागी एक गुळगुळीत भोक होतं, जीभ पडलेल्या दाताच्या जागेवर जाते तसं मन तिथे जायचं. सामायिक पेटीतलं सगळं त्याला मिळालं होतं. दुकान, आई, उधारीवाले, तक्क्यातला खळगा. योगीराज मिळाला नव्हता.

आणि आता राहिलेलं एक यंत्रसुद्धा त्याच्याकडे द्यायचं घाटत होतं. आज संध्याकाळी घरी बैठक होती. पाटोद्याहून वहिनीचा भाऊ रामकिसन येणार, काका येणार, आणि बसवेशने कावेरीशी लग्न करायचं हे नक्की होणार होतं. काकांना या गोष्टीचा फार अभिमान. "आपल्यात विधवेचं लगीन शरणांच्या काळापास्नं मान्य हाय. बाकीचे आता सुधरायलेत." आठशे वर्षांपूर्वी त्या शरण संतांनी माणसं मोकळी करण्यासाठी उघडलेलं ते दार, आता किती सोयीने बाहेरून कडी लावायला वापरता येतं, हे बसवेशला बोलून दाखवता आलं असतं, पण काकांना नव्हे. कारण काकांचं म्हणणं चांगलंच होतं. घरातलं कुणीही वाईट बोलत नव्हतं, हीच पंचाईत होती. वाईट बोललं असतं तर भांडता आलं असतं.

आज सकाळी स्वयंपाकघरात कावेरी भाकरी थापता थापता, मान वर न करता बोलली होती.

"भावजी, संध्याकाळी तुम्ही न्हाई म्हणा."

त्याने कप खाली ठेवला.

"मला तुमचा राग न्हाई. पण मी दोन वर्षं गादीच्या बाजूला स्टुलावर बसते. तुम्ही हापिसात जाता तवा दुकान कोण चालवतंय? पत्र्याचा भाव तुम्ही सांजच्याला मलाच इचारता. लगीन झालं की तुम्ही मालक, मी आतली. तुम्ही न्हाई म्हणा आन् पुण्याला जा. मग मला गादीवर बसूच द्यावं लागंल, दुसरं कोण हाय?"

"तुम्हीच म्हणा की वहिनी."

"म्हणलं की. आत्याबाई म्हणल्या, लाजतीय." तिने भाकरी तव्यावर टाकली. "माझ्या न्हाईचा अर्थ ते लावणार. तुमच्या न्हाईचा लावता येत न्हाई."

त्याला वाटलं होतं राखीव आपण एकटेच. घरात कुणाच्याही हिशेबात न धरलेलं एक यंत्र दोन वर्षं सगळा भार ओढत होतं, आणि जो नुसता दिवा लुकलुकवत बसला होता, त्याला लोक शेठ म्हणत होते. तो म्हणाला, "म्हणतो. नक्की." आणि म्हणताना त्याला छातीत हवा आल्यासारखं झालं, कारण पुण्याचंही जुळून आलं होतं. जुना सहकारी युवराज कालच बोलला होता: "सोमवारी हजर होणार का ते उद्या संध्याकाळी सांग. मीच फोन करतो, साहेब समोर असतील. उचलला नाहीस तर दुसऱ्याला बोलावतो, मग वाईट वाटून घेऊ नकोस." बसवेश तेव्हाच हो म्हणू शकला असता. पण आधी घरी नाही म्हणायचं आणि मग तिकडे हो म्हणायचं, असा क्रम त्याने मनाशी लावला होता आणि फोनचं वहिनीला सांगूनही ठेवलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे क्रम पाळलेल्या माणसाला स्वतःचा एक क्रम लावल्याचा केवढा आनंद होतो, ते सांगून कळायचं नाही.

दुपारी त्याने थोरल्याला मांडणीतून ओढून बाहेर काढलं, टेबलावर आडवा घातला आणि वरचं झाकण उघडलं. कारण तिथेच होतं. खंडेनवमीला पतसंस्थेत शस्त्रपूजा झाली होती. नोटा मोजायचं यंत्र, तिजोरी, जनरेटर आणि थोरला. काकूंनी स्वतः येऊन थोरल्याच्या तोंडावर झेंडूचा हार घातला, मूठभर कुंकू वाहिलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. बसवेश "जरा बेतानं" म्हणेपर्यंत होऊन गेलं होतं. धाकट्याचं काय, असं काकूंनी विचारलंही होतं, तेव्हा बिभीषणनेच सांगितलं, "त्यो बिनकामाचा हाय बाईसाहेब." म्हणून धाकटा बिनपुजेचा राहिला आणि म्हणून जिवंत राहिला. हार बसवेशने दुसऱ्या दिवशी काढला होता. पण पंख्यांनी कुंकू आत ओढून घेतलं, त्यात औष्णिक केंद्राची राख, जी परळीत श्वासासारखी सगळीकडे असते, ती मिसळली, आणि नारळाच्या पाण्यावर ती लाल चिखलासारखी पात्यांना बसली. पंखे जड झाले, थोरला आतून तापत गेला, आणि आज त्याने स्वतःला बंद करून घेतलं. भक्तीने गुदमरून पडला, असं कारण नोंदवहीत लिहिण्याची सोय नव्हती. बसवेशने 'धूळ' लिहिलं.

दात घासायचा जुना ब्रश आणि ओलं फडकं घेऊन तो एकेक पातं पुसत बसला. लाल भुकटी उडून नाकात गेली, बोटांच्या पेरांत, नखांखाली शिरली. शेवटी थोरल्याला पुन्हा जागेवर सरकवला आणि कळ दाबली. तो सुरू झाला. दिवे हिरवे झाले. 'आहे' म्हणाला. धाकट्यानेही 'आहे' म्हटलं. आणि बस. पाचही यंत्रं धाकट्याच्याच पोटात राहिली. यात नवल काही नव्हतं, ती आपणहून परत जात नाहीत. तशी व्यवस्थाच नाही. आता थोरला रिकामा, गार, निवांत, एकच दिवा लुकलुकवत बसला होता. एकदा उचललं की ज्याने उचललं त्याचं. बसवेश थोरल्याकडे बघत राहिला आणि त्याला, लाज वाटण्याइतका, मेलेल्या भावाचा हेवा वाटला.

घरी जाताना त्याला यंत्रणेतला आणखी एक नियम आठवत होता. कुणाचंच 'आहे' ऐकू येईनासं झालं, तर लगेच दुसरा मेला म्हणायचं नाही; आधी स्वतःवर संशय घ्यायचा. मीच तर तुटलो नाही? त्यासाठी दाराशी एक ठरलेला पत्ता असतो, त्याला हाक मारून बघायची. ओ आली, तर आपण आहोत. चौकातल्या पानटपरीवर शहादेव बसला होता. बसवेशने हात केला. शहादेव मोठ्याने म्हणाला, "या शेठ, नेहमीचं लावू का?" नेहमीचं म्हणजे एकशेवीस तीनशे तंबाखूचं पान, लवंग काढून. बसवेश पान खात नसे. ते योगीराजचं नेहमीचं होतं. "नको," म्हणून तो पुढे गेला आणि ओ नक्की कुणाला आली, हे त्याला ठरवता येईना. तोंडातल्या तोंडात तो 'नाही' घोळवत होता. मला हे मान्य नाही. नको, कडक होतंय. काका, माझा विचार नाही. वहिनी दुकान बघतील. हे शेवटचं आधी घ्यावं.

दुकानाच्या वर घर. जिना चढून तो आत आला तेव्हा सतरंजीवर काका, रामकिसन आणि भिंतीला टेकून आई बसलेली. कपबशा रिकाम्या झाल्या होत्या. रामकिसनने उठून नमस्कार केला. बसवेशनेही हात जोडले आणि जोडलेले हात सगळ्यांना दिसले.

आई एकदम सावरून बसली. "आगं बया! हात कशानं भरले रे?"

त्याने हातांकडे पाहिलं. मनगटापर्यंत लाल. सदऱ्याच्या बाहीवर लाल, आणि नाक पुसलं असणार, कारण रामकिसन त्याच्या तोंडाकडे बघून हसत होता.

"कुंकू आहे," बसवेश म्हणाला. "मशिनचं. पंख्यात अडकलं होतं, ते साफ—"

"खंडेनवमीचं?" काकांनी विचारलं.

"हो, पण तो बंद पडला होता काका, म्हणून—"

"आन् आता?"

"आता झाला चालू."

काकांनी रामकिसनकडे पाहिलं, रामकिसनने आईकडे. खरं सांगितल्याने गोष्ट इतकी बिघडेल असं बसवेशला वाटलं नव्हतं. पुजेचं कुंकू, बंद पडलेलं चालू झालेलं, आणि नेमकं आज, हात भरून. आईच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "मी काय म्हणत हुते," ती रामकिसनला म्हणाली. "आमच्या योगीराजनंच धाडलं बगा ह्याला आसं."

"आई, तसं नाही. मला बोलायचंय."

"बोल की. आदी हात धू. कावेरी, पानी आन."

कावेरी तांब्या घेऊन गॅलरीत आली. तो कठड्याशी वाकला, तिने पाण्याची धार सोडली. लाल पाणी खाली दुकानाच्या पत्र्यावर टपटपत गेलं. तिने खालच्या आवाजात विचारलं, "म्हणलं का?"

"आता म्हणतो."

"धुऊन जाऊ द्या आदी. हे हात घेऊन म्हणू नका."

तो चोळत राहिला. वरचं गेलं, रेघांतलं, नखांखालचं जाईना, उलट ओलं होऊन जास्त उठून दिसायला लागलं. आणि तेवढ्यात सदऱ्याच्या खिशात, छातीवर, फोन थरथरला. एकदा. पुन्हा एकदा.

"फोन," कावेरी म्हणाली. "पुण्याचा आसंल. घ्या."

त्याने दोन्ही हात वर धरून दाखवले. कोपरांवरून लाल पाणी ओघळत होतं. तसाच हात खिशात घालायचा, सदरा खराब झाला तर झाला, आणि उचलायचा. एवढंच होतं. पण आतून सगळे बघत होते; गॅलरीचं दार उघडं होतं. फोन थरथरत होता, अगदी बेताच्या अंतराने, समोरचा माणूस काही मागत नव्हता, फक्त आहेस का एवढंच विचारत होता, आणि बसवेशला आपलाच हात खिशापर्यंत नेता येईना, जणू तो हातही आता पेटीतून मिळालेल्या वस्तूंपैकी एक होता. कावेरीने त्याच्याकडे पाहिलं. मग तांब्या कठड्यावर ठेवून, पदराला हात पुसून, तिने स्वतःच तो फोन काढायला त्याच्या खिशाकडे हात नेला. आत काका हलकेच खाकरले. रागाने नव्हे, कौतुकाने. तिचा हात त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबला. दोघांनाही कळलं होतं. फोन काढला तरी आतल्यांना तेच दिसणार, नाही काढला तरी तेच.

फोन आणखी काही वेळ थरथरला आणि थांबला. युवराज वाईट माणूस नव्हता. ठरलेल्या वेळा हाक मारून झाली होती. पुण्यात आता कुणालातरी त्याच जागेवर, त्याच पत्त्यावर उठवलं जात असणार.

कावेरीने हात मागे घेतला, तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच्या हातांवर एकदम ओतलं आणि आत निघून गेली.

"मग काय म्हंतो बसवेश?" काकांचा आवाज आला.

तोंडात घोळवलेलं सगळं त्याने आठवून पाहिलं. चौकापासून इथपर्यंत ते नीट होतं; आता त्यातलं काही परत येईना.

"आता आनिक काय म्हनायचं ऱ्हायलंय," आई म्हणाली. "हात बगा की त्याचे."